वर्दी येण्याआधीचे काम

टाळेबंदी लागली त्या २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये गावोगावचे अग्निबंब रस्त्यावर उतरले, पण आग विझवायला नाही. टाकीत सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, नळी धरलेला पीपीई किटमधला जवान आणि बंद दुकानांच्या शटरवर आपटणारा फवारा, हे दृश्य मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या नगरपालिकेपर्यंत सगळीकडे दिसत होते. लोक गॅलरीत येऊन टाळ्या वाजवत. त्या भेदरलेल्या दिवसांत आपल्यासाठी कुणीतरी धावते आहे, एवढ्याचाही मोठा आधार वाटायचा. जवानांनी ते काम जिवावर उदार होऊन केले. कित्येकांना बाधा झाली, काही जण गेले. त्यांच्या हिमतीविषयी शंका घेण्याचे कारणच नाही.

बोलायचे आहे ते त्यांना नेमून दिलेल्या कामाविषयी. मार्चअखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून हेच रसायन त्यांच्या अंगावर मारले गेले, तेव्हा देशभर संताप उसळला. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नका, असे बजावले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने रस्ते आणि बाजारपेठा फवारण्याची शिफारस आपण करत नाही, धूळमातीत हे रसायन निष्प्रभ होते, असे सांगितले. तरीही बंब फवारतच राहिले. फवारा दिसतो, त्याचा फोटो निघतो, नगरसेवकाला सोबत उभे राहता येते.

त्याच महिन्यांत दुसरे एक काम पडून होते. ते अग्निशमन दलाखेरीज कुणालाच जमण्यासारखे नव्हते. रातोरात उभ्या राहिलेल्या कोविड वॉर्डांत, अतिदक्षता विभागांत, हॉटेलांच्या केलेल्या रुग्णालयांत शिरायचे; तिथली वायर, तिथला ऑक्सिजन, तिथला जिना डोळ्यांनी पाहायचा; आणि रात्रपाळीच्या माणसांना आग लागली तर पहिल्या तीन मिनिटांत काय करायचे ते हाताला धरून शिकवायचे. आगीची वर्दी आल्यावर धावणे हा दलाच्या कामाचा अर्धा भाग. वर्दी येऊच नये म्हणून लोकांत जाऊन करायचे काम हा दुसरा. महामारीत या दुसऱ्या भागाची गरज कधी नव्हे एवढी होती आणि नेमका तोच भाग मागे पडला. महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली ती अर्भकांच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या जिवांनी.

रुग्णालये एकाएकी इतकी ज्वालाग्राही का झाली, हे नीट समजून घ्यायला हवे. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो २३-२४ टक्क्यांच्या वर गेला की आगीचे वागणेच बदलते. एरवी धुमसत राहणारी चादर भडकते, सहसा न पेटणारे प्लास्टिक पेट घेते, एक ठिणगी पुरते. कोविडच्या रुग्णांना नाकावाटे वेगाने ऑक्सिजन देणारी यंत्रे मिनिटाला साठ लिटरपर्यंत ऑक्सिजन सोडतात. त्यातला बराचसा रुग्णाच्या फुप्फुसात न जाता खोलीतच राहतो, गाद्या-उशांत आणि पडद्यांत मुरतो. खोलीची दारे-खिडक्या बंद, कारण आत संसर्ग. वातानुकूलन यंत्रे चोवीस तास चालू, कारण पीपीई किटमध्ये माणूस उकडून निघतो. जुन्या इमारतीतल्या, दहा खाटांच्या हिशेबाने ओढलेल्या वायरींवर वीस खाटांचे व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि पंप. जागोजागी सॅनिटायझरच्या बाटल्या. यातली एकेक गोष्ट डॉक्टरांना ठाऊक होती, इलेक्ट्रिशियनला ठाऊक होती, बायोमेडिकल इंजिनिअरला ठाऊक होती. त्या सगळ्या एकत्र आल्या की काय होते, हे ओळखणे मात्र आगीचा अभ्यास असलेल्या माणसाचे काम होते.

इशारे लवकर मिळाले होते. ६ ऑगस्ट २०२० ला अहमदाबादच्या श्रेय रुग्णालयात आठ कोविड रुग्ण आगीत गेले. तीनच दिवसांनी विजयवाड्यात कोविड केंद्र केलेल्या स्वर्ण पॅलेस हॉटेलला आग लागली आणि किमान दहा जणांचा जीव गेला. नोव्हेंबरअखेर राजकोटच्या रुग्णालयात आग. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १८ डिसेंबर २०२० ला आदेश दिला. प्रत्येक कोविड रुग्णालयासाठी अग्निसुरक्षेला जबाबदार असा एक अधिकारी नेमा, जिल्ह्या-जिल्ह्यात समिती करून महिन्यातून किमान एकदा तपासणी करा, असा तो आदेश होता.

त्यानंतर बावीस दिवसांनी भंडारा घडले.

९ जानेवारी २०२१ ची मध्यरात्र उलटून गेलेली. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातला नवजात अर्भकांचा विशेष कक्ष. आत सतरा बाळे. कुणी वजनाने कमी, कुणी आजारी, सगळीच काही दिवसांची ते फार तर तीनेक महिन्यांची. बाहेर जन्मलेली बाळे एका भागात, रुग्णालयातच जन्मलेली दुसऱ्या भागात. दीडच्या सुमारास परिचारिकेला धूर दिसला. एका भागातली सात बाळे बाहेर काढता आली. दुसऱ्या भागातली दहा गेली. त्यांतली तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. हा तपशील मनात धरून ठेवावा असा आहे. ज्वाळा पोहोचण्याच्या आधी धूर पोहोचतो. धूर आधीच टिपणारे एक साधे यंत्र छताला असते आणि ते वाजले असते, तर दहापैकी किती बाळांपर्यंत हात पोहोचले असते, हा प्रश्न भंडाऱ्यातल्या त्या आयांना आयुष्यभर सोडणार नाही. चौकशीत आगीचे मूळ बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी सापडले. त्या इमारतीत धूर टिपणारी वा आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा नव्हती. अग्निसुरक्षेचा प्रस्ताव आधीच पाठवलेला असून मंजुरीसाठी अडकला होता, अशा बातम्या नंतर आल्या.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. न्यायालयाचा आदेश कोविड रुग्णालयांपुरता होता. अर्भकांचा कक्ष काही कोविड वॉर्ड नव्हता. पण सगळे जिल्हा रुग्णालय ज्या ताणाखाली चालले होते तो ताण या कक्षाच्या भिंतीशी येऊन थांबत नव्हता. तीच वीज, तेच कमी पडणारे मनुष्यबळ, तीच रात्रपाळी. कागदावर जी रेघ मारली जाते ती आगीला कळत नाही. इमारत बघायला येणाऱ्या फायर ऑफिसरला कळते, कारण तो वॉर्डाचे नाव बघत नाही, स्विचबोर्ड बघतो.

भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले. पत्रके निघाली, बैठका झाल्या. मार्चच्या २५ तारखेच्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. मॉलच्या वरच्या मजल्यावर सनराइज रुग्णालय होते. कोविडची निकड म्हणून त्याला तात्पुरती परवानगी मिळालेली होती आणि तिची मुदत त्याच महिनाअखेर संपणार होती. खालच्या आगीचा धूर वर चढला. सत्तरहून अधिक रुग्णांना रात्रीतून हलवावे लागले, दहाच्या वर माणसे दगावली. मॉलमधली दुकाने, बंद गाळे, कोंदटलेले पॅसेज आणि त्याच्या डोक्यावर श्वासासाठी झगडणारे रुग्ण, ही रचनाच मुळात मान्य कशी झाली? कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये तळघरातल्या सामानाला आग लागली आणि धूर वरच्या मजल्यांवर जाऊन नव्वदच्या आसपास माणसे झोपेतच गुदमरली होती. मुंबईत अंधेरीच्या कामगार रुग्णालयाची आग तर २०१८ ची. हा धडा नवा नव्हता.

एप्रिल २०२१ चा महिना तर आठवतानाही अंगावर काटा येतो. ९ तारखेला नागपूरजवळ वाडीच्या रुग्णालयात आग, चार मृत्यू. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना मुंबई दलाचे ६६ जण कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. एरवी या दिवसांत शाळांत, कारखान्यांत, सोसायट्यांत प्रात्यक्षिके होतात. त्या वर्षी दुसऱ्या लाटेने सगळेच थांबवले होते. सप्ताह संपला आणि दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला. बावीस रुग्ण त्या एका सकाळीच गेले. २३ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या वातानुकूलन यंत्रापासून आग भडकली, तेरा रुग्ण गेले. २८ ला मुंब्रा, चार. मुंब्र्यात रुग्णांना तिथून हलवावे लागले, त्यातच हे जीव गेले. अतिदक्षता विभागातला रुग्ण बाहेर काढणे हेच कधी कधी जीवघेणे असते. म्हणून तर तिथे आग लागूच न देण्याला पर्याय नाही.

आणि सहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या सकाळी, नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडसाठी उभारलेल्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. एप्रिलमधली घाई समजू शकते. नोव्हेंबरमध्ये घाई नव्हती. मध्ये उसंत होती, आदेश होते, ऑडिटचे कागदही होते. ओवाळायला निघालेल्या बहिणींना भावाची बातमी रुग्णालयाच्या आवारात ऐकावी लागावी, याचे समर्थन कुठल्याही फाइलमध्ये सापडणार नाही.

मग ऑडिट म्हणजे नेमके होते काय? महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. बोलीभाषेत ‘बी फॉर्म’. हे प्रमाणपत्र परवानाधारक खासगी संस्था देते आणि तिचे पैसे मालकच देतो. दलाच्या कार्यालयात तो कागद जमा होतो. कायद्यात नोटीस देण्याचे, पुढे जाऊन वीज-पाणी तोडण्याचे अधिकार आहेत. कायदा वाईट नाही. देशातल्या कित्येक राज्यांच्या तुलनेत तो स्पष्ट आहे. पण बी फॉर्म सांगतो तो पंप सुरू आहे की नाही आणि आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत की नाही एवढेच. त्या नळकांड्याची पिन रात्री अडीच वाजता कोण ओढणार, हे तो सांगत नाही.

ते कळायला रात्री अडीच वाजताच जावे लागते.

एखाद्या चांगल्या स्टेशन ऑफिसरची अशी भेट कशी असते, ते बघण्यासारखे आहे. तो अधीक्षकांच्या केबिनमध्ये बसत नाही. बूट झाकून, टोपी-मास्क घालून अतिदक्षता विभागाच्या दारात उभा राहतो आणि ड्यूटीवरच्या परिचारिकेला विचारतो, “सिस्टर, या वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे?” बऱ्याचदा उत्तर येते, “मेंटेनन्सच्या दादांना माहीत आहे.” दादा दिवसपाळीला असतात. व्हॉल्व्ह पॅसेजमधल्या भिंतीवरच्या छोट्या पेटीत असतो आणि त्या पेटीसमोर सलाइनचे खोके रचलेले असतात. पुढचा प्रश्न याहून अवघड. आग लागली तर तो व्हॉल्व्ह फिरवायचा हुकूम कोण देणार? व्हॉल्व्ह बंद केला की व्हेंटिलेटरवरच्या आठ जणांचा ऑक्सिजन थांबतो. चालू ठेवला तर आगीला खाद्य मिळते. हा निर्णय धूर भरलेल्या खोलीत, अर्ध्या मिनिटात, तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने घ्यायचा, ही अपेक्षाच अमानुष आहे. तो आधी ठरलेला असावा लागतो. अमुक खाटांशेजारी हाताने दाबायच्या अंबू पिशव्या आहेत, अमुक दोन सिलिंडर ट्रॉलीवर तयार आहेत, अमुक माणूस व्हॉल्व्हपाशी जाईल आणि प्रमुख परिचारिकेने हात वर केला की फिरवेल, इतके तपशिलात.

मग तो अधिकारी खाटांची चाके पाहतो. ब्रेक गंजले असतील तर खाट ढकलता येत नाही. दाराची रुंदी पाहतो. खाट तिरकी करावी लागते का? वॉर्डाच्या मागच्या दाराला कुलूप आहे, किल्ली कुणाकडे? सिक्युरिटीकडे, आणि सिक्युरिटी खाली गेटवर. खरी माहिती बहुतेक वेळा मावशींकडे असते. कुठले दार पावसाळ्यात फुगते, कुठला बोर्ड हात लावला की झिणझिणतो, कुठल्या जिन्यात जुने पलंग टाकलेत, ते त्यांना पाठ असते. त्यांना कुणी विचारत नाही, कारण ऑडिटच्या तक्त्यात मावशींसाठी रकाना नसतो.

शेवटी तो एक नळकांडे काढून प्रत्येकाच्या हातात देतो. सहा किलोचे पावडरचे नळकांडे पंधरा-वीस सेकंदांतच संपते, हे बहुतेकांना तेव्हाच कळते. पंधरा सेकंद! त्यात पिन ओढायची, नेम ज्वाळेच्या बुडाशी धरायचा, मूठ दाबायची आणि नळी आडवी फिरवायची. पहिल्यांदा करणारा माणूस पिन न काढताच मूठ दाबत बसतो. दुसऱ्यांदा त्याचा नेम ज्वाळेच्या टोकावर जातो. तिसऱ्यांदा जमते. म्हणजे आधी दोनदा चुकण्याची संधी मिळालेली असली पाहिजे, आणि ती खऱ्या आगीत मिळत नाही. रुग्णांना लिफ्टने खाली नेण्याची धडपड करण्याऐवजी त्याच मजल्यावर, आग अडवणाऱ्या दारापलीकडच्या सुरक्षित भागात खाटा सरकवायच्या, हेही तिथेच शिकवता येते. असे दार नसेल तर ते बसवून घेण्याचा आग्रह धरता येतो. ही सगळी भेट दोन तासांची. तिला बंब लागत नाही, डिझेल लागत नाही. जाणकार माणूस लागतो आणि त्याला तिथे जायची मोकळीक लागते.

रुग्णालयांबाहेरही हे काम पसरले होते. दुसऱ्या लाटेत खाटा मिळेनात तेव्हा हजारो कुटुंबांनी घरीच ऑक्सिजन आणला, कुणी कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतला, कुणी ओळखीने सिलिंडर मिळवला. ज्या खोलीत आजोबांच्या नाकाला नळी, त्याच खोलीत देवघर आणि देवघरात समई. पलीकडे गॅसची शेगडी. नाक कोरडे पडते म्हणून लावलेले व्हॅसलीन. सिलिंडरचे रेग्युलेटर उघडताना हाताला असलेले तेल. यातली प्रत्येक गोष्ट ऑक्सिजनच्या सान्निध्यात धोक्याची आहे आणि ती सांगायला पाच मिनिटे पुरतात: दिवा-उदबत्ती दुसऱ्या खोलीत, यंत्र पडद्यापासून लांब, वापर नसेल तेव्हा नळी गादीवर सोडायची नाही, तेलकट हात नको. स्वयंसेवी संस्था, गणेश मंडळे, गुरुद्वारे रात्रंदिवस सिलिंडर पोहोचवत होती. प्रत्येक सिलिंडरसोबत दलाने मराठीत छापलेला एक कागद गेला असता, तर खर्च कितीसा आला असता?

सॅनिटायझरचेही तसेच. त्यातले अल्कोहोल आपल्याकडच्या साध्या उन्हाळ्यातही सहज वाफ धरते आणि त्याची ज्वाळा दिवसाउजेडी धड दिसतही नाही. मार्च २०२० मध्येच हरियाणातल्या रेवाडीचा एक माणूस स्वयंपाकघरात सॅनिटायझरने किल्ल्या आणि मोबाइल पुसत असताना भाजून दिल्लीच्या रुग्णालयात दाखल झाला होता. त्या बातमीनंतरही ‘हात चोळून कोरडे होऊ द्या, मगच शेगडी पेटवा’ ही सूचना किती घरांपर्यंत पोहोचली?

आणि सील केलेल्या इमारती. बाधित सापडला की गल्लीला बांबू, फाटकाला पत्रा. जुलै २०२० मध्ये बंगळुरूत दोन फ्लॅटच्या दारांवर चक्क पत्रे ठोकले गेले. ओरड झाल्यावर ते काढले आणि पालिका आयुक्तांनी जाहीर माफी मागितली. आग लागली असती तर आतल्यांनी जायचे कुठून, हा प्रश्न तिथल्या रहिवाशांना सुचला, ठोकणाऱ्यांना नाही. संसर्ग रोखण्याच्या प्रत्येक बैठकीत आरोग्य अधिकारी होता, पोलीस होते, महसूल होता. अग्निशमन दलाचा माणूसही तिथे हवा होता, ‘हा रस्ता बंद केला तर बंब आत येणार नाही’ एवढे सांगण्यापुरता तरी.

ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० लाच दलांचे प्रमुख, त्यांच्या मालक-संस्था आणि जवानांची युनियन यांनी बसून लेखी करार केला. जवान रुग्णवाहिका चालवतील, एकट्या वृद्धांना अन्न-औषधे पोहोचवतील, मृतदेह हलवायला मदत करतील, असे त्यात ठरले. घरोघरी जाऊन अग्निसुरक्षा पाहण्याचे तिथले नेहमीचे काम कमी झाले, पण ज्या घरांना धोका जास्त तिथे ते सुरू ठेवण्याची धडपड झाली. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या निरीक्षक संस्थेने कुणी काय केले याचा अहवालही मांडला. तिथेही वाद झाले, उणिवा निघाल्या. पण काम ठरवून दिले होते आणि नंतर विचारले गेले. महाराष्ट्रातल्या दलांचा असा ताळेबंद राज्याच्या अग्निशमन संचालनालयाने अजूनही मांडायला हवा, कारण त्या दोन वर्षांत जवान जे शिकले ते त्यांच्यासोबतच निवृत्त होत चालले आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एप्रिल २०२१ मध्ये माणसे रुग्णालयाच्या फाटकाशी प्राण सोडत असताना अग्निसुरक्षेच्या नावाखाली खाटा बंद करायच्या होत्या का? नाही. सील ठोकण्याची ती वेळ नव्हती, आणि म्हणूनच दलाकडे परवाना देणारे-नाकारणारे खाते म्हणून बघणे घातक ठरले. हातात नोटीस किंवा ना-हरकत दाखला, एवढी दोनच अवजारे असली की अशा वेळी अधिकारी एक तर डोळेझाक करतो किंवा टाळे लावतो. शिकवणे, दाखवणे, एक वायर त्याच दुपारी बदलून घेणे, दोन खाटा भिंतीपासून सरकवणे, रात्रीसाठी एक माणूस केवळ नजर ठेवायला बसवणे, हे तिसरे अवजार आहे. ते कुठलीही खाट बंद करत नाही. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. तोही खरा आहे. बहुतेक पालिकांच्या दलांत मंजूर पदांपैकी बरीच रिकामी आहेत, छोट्या नगरपालिकांत तर चालकच फायरमनचेही काम करतो. पण जी माणसे होती ती महिनोन् महिने फवारणीला जुंपली होती, हेही तितकेच खरे.

महामारी सरली म्हणून हा विषय संपत नाही. तेव्हा घाईत ओढलेल्या ऑक्सिजनच्या नळ्या, वाढवलेल्या खाटा, तात्पुरते म्हणून बसवलेले बोर्ड कित्येक ठिकाणी कायमचे झाले आहेत. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या विवेक विहारमध्ये अर्भकांच्या खासगी रुग्णालयात सात बाळे आगीत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. त्या रात्रीच दहा बाळे गेली. भंडाऱ्याचाच आकडा, भंडाऱ्यासारखाच कक्ष, जवळपास चार वर्षांनी, दुसऱ्या राज्यात.

पैसा येतो आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये पाच हजार कोटींची योजना आणली. नव्या गाड्या, उंच शिड्या, नवी केंद्रे त्यातून होतील आणि ती हवीतच. पण शिडीची खरेदी जितक्या उत्साहाने होते तितक्या उत्साहाने चार माणसांचे प्रशिक्षण पथक कुठल्याही पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. मुंबईत कमला मिलच्या डिसेंबर २०१७ च्या आगीनंतर, चौदा जीव गेल्यावर, प्रभागनिहाय तपासणी पथके नेमली गेली. बैल गेल्यावर झोपा केला असे त्याला म्हणता येईल, पण निदान केला. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या प्रत्येक दलात असे एक पथक हवे. ज्याला वर्दीवर जायचे नाही, फवारणीला जुंपायचे नाही, बंदोबस्ताला उभे करायचे नाही. त्याने वर्षभर फक्त रुग्णालये, वृद्धाश्रम, वसतिगृहे आणि सोसायट्या फिरायच्या, आणि त्यातल्या निम्म्या भेटी तरी रात्री.

जिल्ह्याच्या ठिकाणी दल पालिकेचे आणि रुग्णालय राज्य सरकारचे, त्यामुळे कुणी कुणाला विचारायचे हा पेच भंडाऱ्यात होता, नगरमध्ये होता, आजही आहे. तो सोडवायला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाने पालिकेच्या फायर ऑफिसरला जिल्हा रुग्णालयात वर्षातून चारदा, न कळवता जाण्याचा हक्क देता येतो आणि त्याचा शेरा जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवता येतो. शेऱ्यात तीनच गोष्टी असल्या तरी चालेल: रात्रपाळीच्या किती जणांनी नळकांडे स्वतः चालवून पाहिले, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार कुणाच्या नावे लिहिलेला आहे, आणि मागच्या भेटीत दाखवलेली वायर बदलली की नाही. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ असेल, तर त्या वायरीचा निधी समितीने त्याच बैठकीत मंजूर करावा. जुलैचे बी फॉर्म गोळा होतील त्याच्या आधी हे सुरू करायला कुठल्याच जिल्ह्याला अडचण नाही.